सेवासदनाच्या परिचारिका आणि आपला रुग्णसेवा-वर्ग

यंदाच्या स्मरणिकेसाठी ‘इतिहासावर काहीतरी लिहा’ असा आग्रह आपल्या कार्यवाह बाईंनी धरला, तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे आधी एक कागद आला. पिवळसर जाड कागद, वर आपल्या मंडळाचे नाव, खाली अध्यक्षबाईंची सही आणि गोल शिक्का. काही वर्षांपूर्वी आपण सहा महिन्यांचा रुग्णसेवा-वर्ग चालवला होता, त्याचे हे प्रमाणपत्र. आपल्या भागातल्या डॉक्टर भगिनींनी एक पैसाही न घेता शिकवले. ताप कसा पाहावा, अंथरुणाला खिळलेल्या माणसाची कूस कशी बदलावी, जखम कशी बांधावी, सगळे मनापासून झाले. निरोपाच्या दिवशी साखरभात होता आणि पुष्कळजणींच्या डोळ्यांत पाणी होते.

त्या वर्गातली एक मुलगी तो कागद घेऊन एका इस्पितळात गेली. तिचा नवरा गेलेला, पदरी दोन लेकरे. तिथल्या बाईंनी कागद नीट वाचला आणि विचारले, “ही परीक्षा कोणी घेतली? कोणत्या बोर्डाची?” हिला उत्तर देता आले नाही. तिला काम मिळाले, पण ते फरशी पुसण्याचे. संध्याकाळी ती माझ्याकडे आली. रडली नाही, रागावलीही नाही. एवढेच म्हणाली, “बाई, कागद चांगला आहे हो, पण तो आपल्या गल्लीच्या बाहेर चालत नाही.”

तेव्हापासून हे वाक्य माझ्या मनातून गेलेले नाही. गेल्या सर्वसाधारण सभेत रुग्णसेवा-वर्ग पुन्हा सुरू करावा की नाही, यावर आपल्यात दोन तट पडले, हे आपणा सर्वांना ठाऊक आहेच. काहीजणी म्हणाल्या, वर्ग मोठा करू, वर्षाचा करू. काहीजणी म्हणाल्या, हे आपले काम नव्हे, त्यासाठी सरकारी संस्था आहेत, त्यांनी ते पाहावे. मी त्या दिवशी गप्प बसले होते. आज लेखाच्या निमित्ताने बोलते. कारण हाच प्रश्न शंभर वर्षांपूर्वी आपल्याच पुण्यात उभा राहिला होता, आणि तो ज्या रीतीने सुटला ती रीत आपण विसरलो आहोत.

गोष्ट पुणे सेवासदनाची आहे. ते नाव आपल्याला घरातले वाटते, पण त्याचे काम नेमके कसे चाले हे फारजणींना माहीत नसते.

त्या काळाचे चित्र थोडे डोळ्यांपुढे आणावे लागेल. आठव्या-नवव्या वर्षी लग्न आणि पंधराव्या-सोळाव्या वर्षी वैधव्य हे पुष्कळ घरांत घडत असे. केशवपन, लाल अलवण, एकवेळचे जेवण आणि उरलेला जन्म सासरच्या किंवा माहेरच्या चुलीपुढे. पंडिता रमाबाईंनी १८८९ साली मुंबईत शारदासदन काढले आणि पुढच्याच वर्षी ते पुण्याला आणले. धोंडो केशव कर्व्यांनी १८९६ साली अनाथ बालिकाश्रम सुरू केला, तो पुढे हिंगण्याच्या माळावर गेला. या दोघांनी विधवेला पाटीपुस्तकापर्यंत आणले. पण शिकून पुढे काय, याला तेव्हा बहुधा एकच उत्तर होते : शिक्षकीण होणे. पुण्यात मुलींच्या शिक्षिका तयार करणारे सरकारी ट्रेनिंग कॉलेज १८७० पासून होते, आणि ज्यांना झेपले त्या तिकडे वळत. पण सगळ्याच काही शिक्षकिणी होणार नव्हत्या. ज्यांचे शिक्षण फार मागे राहिले होते त्यांना तर ते दारही बंद होते.

त्याच शहराच्या दुसऱ्या टोकाला, स्टेशनच्या बाजूला, ससून रुग्णालय उभे होते. डेव्हिड ससून यांच्या देणगीतून ते बांधले गेले आणि १८६७ साली खुले झाले. त्याच्या शेजारी बी. जे. मेडिकल स्कूल होते. ते पुढे १९४६ साली कॉलेज झाले. तिथे शिकवणारे होते, खाटा होत्या, परीक्षा होत्या, आणि परिचारिकांची गरजही होती. १८८५ साली लेडी डफरिन यांच्या नावाचा फंड निघाला, १८८६ साली मुंबईत कामा हॉस्पिटल सुरू झाले, आणि आपल्या आनंदीबाई जोशी त्याच वर्षी अमेरिकेत डॉक्टर झाल्या. स्त्रियांचे दुखणे स्त्रीनेच पाहावे, हा विचार देशात रुजू लागला होता.

असे असूनही हिंदू घरातली बाई परिचारिका व्हायला तयार नसे, आणि घरचे तिला होऊ देत नसत. कारणे उघड आहेत. परक्या माणसाला हात लावायचा, त्याचे मलमूत्र काढायचे, रात्रपाळी करायची, कोणत्या जातीच्या हातचे अन्न पोटात जाईल याचा भरवसा नाही. ‘नर्स’ हा शब्दच हलका मानला जाई. इस्पितळ आपल्या जागी होते, विधवा आपल्या जागी होती. मध्ये उणेपुरे तासाभराचे अंतर, पण ते ओलांडायला कोणी नव्हते.

हे अंतर ओलांडण्याचे काम सेवासदनाने केले. मुंबईचे सेवासदन १९०८ साली बेहरामजी मलबारी आणि दयाराम गिडुमल यांनी काढले होते. पुण्याचे १९०९ साली रमाबाई रानड्यांच्या वाड्यात सुरू झाले. रमाबाईंच्या जोडीला होते गोपाळ कृष्ण देवधर. १९०५ साली गोखल्यांनी भारत सेवक समाज काढला, त्याच्या पहिल्या सभासदांपैकी ते एक. न्यायमूर्ती रानडे १९०१ साली गेले. त्यानंतर रमाबाई स्वतः विधवा होत्या, हे इथे विसरून चालणार नाही. येरवड्याच्या तुरुंगातल्या बायकांना आणि वेड्यांच्या इस्पितळातल्या रोग्यांना त्या नेमाने भेटायला जात. दुःख कुठे साठले आहे, हे त्यांनी स्वतः जाऊन पाहिले होते.

सुरुवात साधी होती. वाचन-लेखन, शिवण, प्रथमोपचार. पुढे रमाबाईंनी आणि देवधरांनी परिचारिकांचे शिक्षण हाती घेतले आणि तिथे एक शहाणपणाचा निर्णय केला. त्यांनी वाड्यातच खाटा मांडून आपले वेगळे नर्सिंगचे शाळाखाते उघडले नाही. बायकांना त्यांनी ससूनमध्ये पाठवले. १९११ च्या सुमारास हे सुरू झाले. शिकवायचे ससूनने, परीक्षा तिकडच्या, दाखला तिकडचा. मेडिकल स्कूलमध्ये शिकून सब-असिस्टंट सर्जन होऊ पाहणाऱ्या मुलींनाही सेवासदनाने असाच आधार दिला.

मग सेवासदनाने काय केले? मला वाटते, आपण शिकण्यासारखे आहे ते इथेच. जे इस्पितळाला कधीच जमले नसते, तेवढे सगळे त्यांनी केले.

पहिले म्हणजे राहण्याची सोय. सेवासदनाची पुढे तीन वसतिगृहे झाली. त्यांतले एक वैद्यकीय शिक्षण घेणाऱ्या मुलींचे आणि एक शिकाऊ परिचारिकांचे होते. वसतिगृह म्हणजे केवळ चार भिंती नव्हेत. तिथे आपल्या पद्धतीचे जेवण होते, देखरेख करणारी वडीलधारी बाई होती, आणि रात्रपाळीहून परत आलेल्या मुलीकडे संशयाने न पाहणारी माणसे होती. आपली सून किंवा बहीण ‘रमाबाईंच्या’ वसतिगृहात राहते, हे सासऱ्याला आणि भावाला चारचौघांत सांगता येत होते. सरकारी इस्पितळाच्या नावाने कोणी परवानगी दिली नसती. रमाबाईंच्या नावाने दिली.

दुसरे म्हणजे पायरीपर्यंत आणून सोडणे. जिला धड अक्षरओळख नाही ती इस्पितळात औषधाच्या बाटलीवरची चिठ्ठी कशी वाचणार? तेव्हा आधी प्रौढ बायकांसाठी मराठीचे वर्ग, मग हिशेब, मग आवश्यक तेवढे इंग्रजी. वय वाढलेल्या बाईला लहान मुलींच्या बाकावर बसवायची लाज वाटू नये, म्हणून वर्ग वेगळे.

तिसरे म्हणजे पैसा. विधवेच्या हाती स्वतःचा पैसा नसे. शिकताना खायचे काय, हा प्रश्न शिष्यवृत्त्या आणि वर्गण्या जमवून सोडवावा लागे. देवधर या कामात फार चिवट होते.

आणि चौथे, सर्वांत अवघड : पाठीशी उभे राहणे. त्याची एक आठवण चरित्रांतून सांगितली जाते. सेवासदनाच्या एका समारंभात एक तरुण विधवा विद्यार्थिनी बक्षीस घ्यायला व्यासपीठावर आली. वपन केलेले, लाल वस्त्र नेसलेली. गॅलरीत कॉलेजचे विद्यार्थी बसले होते. त्यांनी तिला पाहून थट्टा आरंभली, आवाज काढले. समारोपाला रमाबाई उठल्या. त्यांनी त्या शिकलेल्या मुलांना सरळ जाब विचारला : आपल्याच समाजाच्या क्रूर रूढीने जिची ही दशा केली तिला हसता, मग तुमच्या शिक्षणाचा उपयोग काय? अशी एखादी बहीण, आत्या, मावशी तुमच्यापैकी कोणाच्या घरात नाही? सभागृह चिडीचूप झाले म्हणतात. मला वाटते, त्या मुलीला बक्षिसाहून हे बोलणे अधिक कामाला आले असेल. उद्या वॉर्डात कोणी टोचून बोलले तर आपल्या मागे कोण उभे आहे, हे तिला त्या दिवशी कळले.

अशी ही वाटणी होती. इस्पितळाकडे विद्या होती, खाटा होत्या, परीक्षेचा अधिकार होता. बायकांचा विश्वास नव्हता. सेवासदनाकडे विश्वास होता, स्वयंपाकघर होते, ओळखीपाळखी होत्या, इस्पितळ नव्हते. दोघांनी आपापल्या जवळचे दिले. म्हणून तिथून निघालेल्या बाईचा दाखला गल्लीबाहेर चालला आणि तिची अब्रू गल्लीतही शाबूत राहिली. पुढे संस्थेची नोंदणी झाली. १९२४ साली रमाबाई गेल्या तेव्हा सेवासदनात हजारावर स्त्रिया शिकत होत्या. पुढे १९६२ साली, त्यांच्या जन्मशताब्दीच्या निमित्ताने, सरकारने त्यांचे टपाल तिकीट काढले. तिकिटावर त्यांचा एकटीचा चेहरा आहे. माझ्या मनात मात्र त्याच्यामागे पांढऱ्या लुगड्यातल्या परिचारिकांची रांग दिसते.

या इतिहासाला एक दुसरी बाजूही आहे, ती झाकून ठेवणे बरे नव्हे. सेवासदनाचा लाभ आधी झाला तो मुख्यतः पांढरपेशा घरांतल्या बायकांना. सोवळ्याओवळ्याची भीती घालवण्यासाठी जे स्वयंपाकघर उपयोगी पडले, त्याच स्वयंपाकघराची सीमा कष्टकरी आणि अस्पृश्य मानलेल्या घरांतल्या लेकींना लवकर ओलांडता आली नाही. त्यांच्यासाठी विठ्ठल रामजी शिंद्यांनी १९०६ साली मुंबईत निराश्रित साहाय्यकारी मंडळी काढली, तिथे अक्षरांबरोबर हातचे कामही शिकवले जाई, आणि त्यांच्या भगिनी जनाबाई त्या कामात होत्या. पण तिकडे देणगीदार थोडे आणि गरज डोंगराएवढी. आपल्या मंडळानेही हे ध्यानात ठेवावे. ‘आपल्यातल्या’ बायकांसाठी केलेली सोय फार चटकन ‘आपल्यापुरती’ होऊन बसते.

स्वातंत्र्यानंतर हीच रीत सरकारने उचलली. १९५३ साली केंद्रीय समाजकल्याण मंडळ स्थापन झाले आणि दुर्गाबाई देशमुख त्याच्या अध्यक्षा झाल्या. आपल्या चिंतामणराव देशमुखांशी त्यांचा विवाह त्याच वर्षी झाला, म्हणून त्या आपल्यालाही परक्या नाहीत. दुर्गाबाईंचे स्वतःचे लग्न आठव्या वर्षी झाले होते. त्या त्यातून बाहेर पडल्या, खूप उशिरा शिकल्या आणि वकील झाल्या. मद्रासमध्ये त्यांनी उभारलेल्या आंध्र महिला सभेचा आरंभ तरुण मुलींना आणि बायकांना परीक्षांना बसवण्याच्या वर्गांनीच झाला होता. सरकारी योजना गावोगाव निघताहेत, ग्रामसेविका हव्यात, परिचारिका हव्यात, सुइणी हव्यात, शिक्षिका हव्यात. आणि गरजू बायका तर दारात उभ्या आहेत, पण त्यांचे शिक्षण चौथीपाशी थांबलेले, हे त्यांनी पाहिले. म्हणून १९५८ साली प्रौढ स्त्रियांसाठी संक्षिप्त शिक्षणक्रम सुरू झाले. बाईने सगळी वर्षे शाळेत घालवायची नाहीत; दोन वर्षांत पुढच्या परीक्षेपर्यंत पोचायचे आणि मग प्रशिक्षण-संस्थेत दाखल व्हायचे. हे वर्ग चालवायचे कोणी? अनुदान मंडळाचे आणि वर्ग महिला मंडळांसारख्या स्वयंसेवी संस्थांचे. सेवासदनाचीच वाटणी, फक्त देशभर. ते केंद्रीय मंडळ आता राहिलेले नाही. २०२२ साली ते बंद करण्यात आले. पण त्यामागचा हिशेब खोटा ठरलेला नाही.

कारागिरीच्या शिक्षणाचीही कथा निराळी नाही. औद्योगिक प्रशिक्षण संस्था, म्हणजे आपण ज्यांना आयटीआय म्हणतो त्या, १९५० च्या योजनेतून उभ्या राहिल्या. यंत्रे आली, निदेशक आले, परीक्षा आल्या. पण त्यांच्या दारातही शाळेच्या दाखल्याची अट होती, आणि वेळ दिवसाची. गिरणीत पाळी करणारा माणूस किंवा चार घरची धुणीभांडी करणारी बाई तिथे कशी पोचणार? म्हणून मुंबईत प्रौढशिक्षणाचे काम करणाऱ्या समितीच्या हातून १९६७ साली वरळीला पहिले श्रमिक विद्यापीठ निघाले. कामगाराच्या वस्तीत जायचे, त्याच्या वेळेला शिकवायचे, आणि त्याला जे लागते ते शिकवायचे, हा त्याचा परिपाठ. त्याचा पसारा देशभर झाला आणि २००० साली अशा संस्थांना जनशिक्षण संस्थान हे नाव मिळाले. निरक्षर, नवसाक्षर आणि शाळा अर्ध्यावर सुटलेल्या माणसांसाठी ती आहेत, आणि आपापल्या जिल्ह्यातल्या मंडळांना बरोबर घेऊन वस्तीत वर्ग भरवणे ही त्यांची जुनी चाल आहे.

आता पुन्हा आपल्या पिवळ्या कागदाकडे येते. आपण कुठे चुकलो, हे मला या इतिहासाने दाखवले. आपले शिकवणे वाईट नव्हते. चूक झाली ती दोन्ही कामे आपणच अंगावर घेतली ही. जे आपल्याजवळ नाही, म्हणजे परीक्षेचा अधिकार आणि इस्पितळातल्या खाटा, तेही आपण शिक्क्याने भागवू पाहिले. त्याची किंमत आपण नाही दिली. त्या मुलीने दिली.

पण ‘संस्था आहेत, त्या पाहतील’ म्हणणाऱ्या भगिनींचेही मला पटत नाही. संस्था आपल्या जागी आहेत, हे खरे. ससूनही आपल्या जागीच होते, चाळीसेक वर्षे! आपल्या मागच्या वस्तीतल्या किती मुली प्रशिक्षण-संस्थेच्या पायरीपर्यंत गेल्या आहेत? अर्ज भरायचा कसा हे त्यांना ठाऊक नाही. जातीचा दाखला, शाळा सोडल्याचा दाखला, नाव बदलल्याचा कागद यांपैकी काहीतरी नेहमी कमी पडते. धाकटे मूल कोणाजवळ ठेवायचे, संध्याकाळी उशीर झाला तर सासूला काय सांगायचे, ही कोडी कोणत्याही प्रवेशपत्रिकेत छापलेली नसतात. ती सोडवणारे कोणी हवे. ते काम संस्थेचा लिपिक करणार नाही. ते आपले आहे.

म्हणून माझी नम्र सूचना अशी. रुग्णसेवा-वर्ग पुन्हा काढावा, पण आपल्या शिक्क्याचा नको. मान्यता असलेल्या प्रशिक्षण-संस्थेकडे आपण चारजणींनी जाऊन बोलावे : शिकवणे तुमचे, परीक्षा तुमची, दाखला तुमचा, मुली आम्ही आणू, कागदपत्रे आम्ही पुरी करू, तयारीचा वाचन-हिशेबाचा वर्ग आमच्या सभागृहात घेऊ, दुपारी मुले आम्ही सांभाळू, आणि कोणी मध्येच गळायला लागली तर तिच्या घरी आम्ही जाऊ. प्रवासखर्चासाठी हळदीकुंकवाच्या वाणाचे पैसे यंदा बाजूला काढले तर कोणाचा सण अडणार नाही. आणि मुली निवडताना आपल्या चाळी-सोसायटीपुरते न पाहता नाल्यापलीकडच्या वस्तीपासून सुरुवात करावी.

हा लेख लिहिण्याआधी मी त्या मुलीला भेटून आले. ती अजून त्याच इस्पितळात आहे. तिची मोठी लेक आता शाळेत जाते. मी तिला सेवासदनाची गोष्ट सांगितली. तिने शांतपणे ऐकून घेतली आणि विचारले, “म्हणजे बाई, या खेपेला परीक्षा कोण घेणार, ते आधी विचारून ठेवणार ना?”

मी होय म्हटले आहे. आता त्या शब्दाची जबाबदारी आपणा सर्वांची.